ऐकण्याचे वीस गुण

८ जून २०१९ रोजी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल लागला आणि महाराष्ट्रभर एकच गहजब झाला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला होता. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. भाषांसह काही विषयांतले शाळेच्या हातातले वीस गुण त्या वर्षी बंद झाले होते आणि तोंडी परीक्षा गेली होती. केंद्रीय मंडळाच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतच होते, त्यामुळे अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं मागे पडणार ही पालकांची धास्ती खोटी नव्हती. ओरड झाली, बैठका झाल्या, आणि दोनेक महिन्यांत वीस गुण परत आले. पुढच्या वर्षी निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवं. सगळं श्रेय वीस गुणांचं नव्हे.)

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारला नाही. भाषेचे ते वीस गुण होते कशाचे? कागदावर ते श्रवण आणि भाषण यांचे होते. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला समोरच्याचं बोलणं ऐकून त्याचा अर्थ लावता येतो का, हे त्यातून तपासलं जायचं होतं. ते तपासणं बंद झालं याचं कुणाला दुःख झालं नाही आणि परत सुरू झालं याचा कुणाला आनंद झाला नाही. चर्चा फक्त टक्क्यांची झाली. शाळाशाळांमधून ही तोंडी परीक्षा कशी होते, हे मराठी शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. हजेरी क्रमांकानुसार मूल पुढे येतं, पाठ केलेला उतारा किंवा कवितेची दोन कडवी म्हणतं, गुण मांडले जातात आणि पुढचा क्रमांक पुकारला जातो. मुलानं काय ऐकलं, याचा त्यात कुठे संबंधच येत नाही.

ऐकणं, वाचणं आणि हाती आलेली माहिती पारखणं या तिन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात, खरोखरीच तपासाव्या लागतात आणि मोठेपणीही त्यांचा सराव ठेवावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. त्या आपोआप येतात असं समजून आपण गेली कित्येक वर्षं चाललो आहोत, आणि त्याची किंमत परीक्षेच्या निकालापेक्षा कितीतरी मोठी आहे.

बोलण्याची आपल्याला हौस आहे. गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा, शिवजयंतीला वक्तृत्व स्पर्धा. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर स्पोकन इंग्लिशचे फलक. कम्युनिकेशन स्किल्सच्या नावाखाली मुलाखतीत कसं बसावं, हात कुठे ठेवावेत, आवाज कसा लावावा हे शिकवलं जातं. यात वाईट काही नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला तोंड उघडायची मुभा नव्हती, तिथल्या मुलीनं माईक हातात धरणं ही मोठीच गोष्ट आहे. पण सभेत बोलणारा एक असतो आणि ऐकणारे शंभर असतात. त्या शंभरांची तयारी कुणी करून घ्यायची? न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. व्याख्यान ऐकायला संध्याकाळी घराबाहेर पडणारा समाज म्हणून आपण अभिमान बाळगतो. आज कुठल्याही गावातल्या व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं नीट पाहावीत. प्रश्न विचारायला उठणाऱ्यांपैकी बरेचजण प्रश्न विचारत नाहीत, स्वतःचं भाषण करतात. कित्येकदा वक्ता जे बोललाच नाही, त्यालाच ते उत्तर देत असतात.

वर्गात मी नववी-दहावीच्या मुलांकडून एक साधी गोष्ट करून घेते. पाणीपुरवठ्याची एक सूचना एकदाच, नेहमीच्या वेगानं वाचून दाखवते: ‘जलशुद्धीकरण केंद्रातील दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी सायंकाळी उंच भागात पाणीपुरवठा कमी दाबाने होईल. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा येण्याची शक्यता आहे.’ वहीत काही टिपायचं नाही. मग थोडा वेळ व्याकरण शिकवायचं आणि नंतर सांगायचं, घरी गेल्यावर आईला काय सांगाल ते लिहा. ‘उद्या पाणी नाही’ हे उत्तर दर वर्गात हमखास येतं. ‘दोन दिवस पाणी बंद’ हेही येतं. ‘उंच भागात’ हे दोन शब्द बहुतेकांच्या वहीतून गळतात आणि ‘शक्यता आहे’ तर जवळजवळ सगळ्यांच्याच. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘पाणी खराब झालंय, पिऊ नका.’ असं का लिहिलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘बाई, शुद्धीकरण केंद्र बिघडलंय म्हणजे पाणी खराबच येणार ना?’

त्या मुलीचं कौतुकच करायला हवं, कारण वर्गात सगळ्यात जास्त विचार तिनंच केला होता. तिला फक्त ऐकलेलं कुठे संपलं आणि स्वतःचा तर्क कुठे सुरू झाला, ती रेघ दिसली नाही. म्हणून आम्ही फळ्यावर दोन रकाने आखतो: काय ऐकलं आणि काय वाटलं. प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात बसतं ते मुलंच भांडून ठरवतात. काही आठवड्यांनी दुसरी सूचना ऐकवली की फरक दिसतो. ‘शक्यता’ टिकते. ‘काही भागात’ टिकतं. एखादा हात वर येतो, ‘बाई, ही सूचना दिली कुणी? तारीख कुठली?’ एवढ्याला एक तास पुरतो आणि पैसे लागत नाहीत.

ऐकणं तपासता येत नाही, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. परदेशी शिकायला जाणारी आपली मुलं आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा देतात. त्यात ऐकण्याचा स्वतंत्र विभाग असतो: सुमारे अर्धा तास, चाळीस प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. त्यासाठी पुण्या-नाशकात क्लास चालतात आणि पालक हजारो रुपये भरतात. परक्या भाषेत नीट ऐकता यावं म्हणून एवढा खर्च करणारे आपण मायभाषेच्या श्रवणाचे गुण मात्र कविता म्हणून घेऊन देतो. मंडळानं राज्यभरासाठी ध्वनिफिती तयार कराव्यात, बोली वेगवेगळ्या असाव्यात. वऱ्हाडी शेतकऱ्याचं बोलणं कोकणातल्या मुलानं ऐकावं, मालवणी बाईचं बोलणं लातूरच्या मुलीनं ऐकावं. शहरातल्या मुलांना गावाकडच्या माणसाचं बोलणं ऐकून हसू येतं, ते ऐकायची सवय नसल्यामुळे येतं.

वाचनाचं दुखणं थोडं निराळं आहे, कारण त्याबद्दल आपण निदान बोलतो तरी. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल आला की वर्तमानपत्रांत मथळे येतात. ‘असर’ची पद्धत सोपी आहे. कार्यकर्ता घरी जातो आणि मुलासमोर एक कागद धरतो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचता येणारी मुलं २०१८ मध्ये जेमतेम निम्मी होती आणि महासाथीनंतर २०२२ मध्ये ४३ टक्क्यांच्या आसपास उतरली. केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये त्यासाठीच सुरू झालं. ते व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही.

पण मूल न अडखळता वाचू लागलं की आपण वाचन आलं असं जाहीर करतो आणि तिथेच थांबतो. दहावीची कृतिपत्रिका पाहा. उतारा असतो, त्याखाली आकृतिबंध पूर्ण करायचा असतो, चौकटीत शब्द भरायचे असतात. हुशार मूल उतारा न समजताही ते भरतं, कारण प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधला की शेजारी उत्तर सापडतं. ‘स्वमत’ म्हणून जो प्रश्न असतो, त्याचं मत गाइडात छापून मिळतं. हा मजकूर कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, यातून कुणाला फायदा, काय सांगायचं राहिलं, हे प्रश्न दहा वर्षांच्या शालेय वाचनात मुलाला क्वचितच भेटतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून ‘पेड न्यूज’चं प्रकरण बाहेर आलं ते कशावरून? वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याचं कौतुक करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता, आणि कुणीतरी ती वृत्तपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली होती. एवढं वाचन आठवीच्या मुलाला जमतं. त्याच्यासमोर दोन वर्तमानपत्रं एकदम ठेवायला मात्र हवीत.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा भटका समाज. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या भागात आधीच मोबाइलवर फिरत होते. जमाव जमला आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारण्यात आलं. गावाच्या कारभाराची, गाऱ्हाणी ऐकण्याची जी जागा, तिथे ती माणसं आपलं म्हणणं कुणाच्या कानापर्यंत पोचवू शकली नाहीत.

त्याच काळात देशभर फिरत असलेली एक चित्रफीत अनेकांना आठवत असेल. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. ही चित्रफीत पाकिस्तानातल्या कराचीची होती, आणि ती एका जनजागृतीच्या जाहिरातीचा तुकडा होती. मूळ फितीत ते दोघं मागे फिरतात, मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कराचीच्या रस्त्यांवरून मूल पळवायला क्षणभरच लागतो, अशा आशयाचा. शेवटचा तो भाग कुणीतरी कापला. ‘मुलांकडे लक्ष द्या’ असं सांगणारी फीत त्यामुळे ‘परका दिसला की धरा’ असं सांगू लागली. त्यातलं दृश्य फितीत खरोखरच दिसत होतं, म्हणून ‘डोळ्यांनी पाहिलंय’ असं म्हणणारी माणसंही खोटं बोलत नव्हती. यामागे काय होतं, पुढे काय होतं, हे कुठलं, कधीचं, हे विचारायची सवय त्यांना कुणी लावली नव्हती.

राईनपाड्याच्या हत्याकांडानंतर काही दिवसांनी व्हॉट्सअॅपनं भारतात एकावेळी पाच जणांपलीकडे मेसेज पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत राज्यांना कडक निर्देश दिले. दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या. शाळेत मात्र काहीच बदललं नाही. केरळमध्ये कन्नूर जिल्ह्यात त्याच वर्षी, २०१८ मध्ये, ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि सरकारी शाळांमधल्या मुलांना खोटी बातमी कशी ओळखावी, मोबाइलवर आपल्याला आवडेल तेच पुन्हा पुन्हा का दिसतं, हे तासाला बसवून शिकवलं गेलं. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना याची गरज पटली ती गोवर-रुबेला लसीकरणाच्या वेळी. अफवांमुळे पालक मुलांना लस द्यायला तयार होत नव्हते. कन्नूरमध्ये हे घडू शकतं तर धुळ्यात का नाही, हा प्रश्न मी शिक्षण खात्यातल्या प्रत्येकाला विचारू इच्छिते.

पारखायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दलही आपल्याकडे घोळ आहे. ‘नीट वाचा, विचार करा’ एवढं सांगून भागत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि पंचवीस विद्यार्थी अशा पंचेचाळीस जणांना त्यांनी काही संकेतस्थळं दाखवली. त्यातल्या एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेली छोटीशी, पण नाव भारदस्त आणि पान नीटनेटकं. विद्यार्थीच काय, पदवीवर पदव्या मिळवलेले काही इतिहासकारही चकले. फॅक्ट-चेकर एकही चकला नाही. फरक होता तो वाचण्याच्या पद्धतीत. विद्यार्थी आणि इतिहासकार ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले. फॅक्ट-चेकर थोड्याच वेळात त्या पानावरून उठले आणि बाकीचं जग या संघटनेबद्दल काय म्हणतं ते दुसरीकडे शोधायला गेले.

मला यातून मिळालेली शिकवण कामाची वाटते. ज्यानं आपल्याला माहिती दिली, त्याच्याच घरात बसून त्याची पारख होत नाही, तिथून बाहेर पडावं लागतं. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या फसवणुकीत हेच उलट्या बाजूनं दिसतं. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं सांगून भामटा व्हिडिओ कॉल लावतो, ‘तुमच्या नावानं पार्सल पकडलंय’ म्हणतो आणि तासन्‌तास फोन ठेवू देत नाही, घरच्यांशी बोलू देत नाही. कारण तो एवढंच जाणून असतो की माणूस त्या संभाषणातून बाहेर पडला आणि शेजारच्याला विचारलं, की खेळ संपला. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं, सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तरी माणसं आयुष्याची पुंजी घालवतात. त्यात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आहेत. अफवांना खेड्यातली अडाणी माणसं बळी पडतात, हे म्हणणं म्हणून मला मान्य नाही. शिक्षणाची वर्षं वाढली म्हणून ही पारख आपोआप वाढत नाही. ती स्वतंत्रपणे शिकवावी लागते.

दुसरा एक आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे. सगळा भार ऐकणाऱ्यावर आणि वाचणाऱ्यावर का? लिहिणाऱ्यानं कसंही लिहावं? पीकविम्याचं उदाहरण घ्या. अतिवृष्टीनं शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, अशी अट पीकविमा योजनेत होती. ही अट ज्या भाषेत शेतकऱ्यापर्यंत पोचायची ती ‘अधिसूचित क्षेत्रातील स्थानिक नैसर्गिक आपत्तीची पूर्वसूचना’ अशा थाटाची. सेवा केंद्रावर अर्ज भरताना त्याला ‘विमा निघाला’ एवढंच ऐकू यायचं. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस आधी गुरं बघणार, घर बघणार. तिसऱ्या दिवसानंतर तो चौकशीला गेला की त्याला नियम वाचून दाखवला जायचा. इथे शेतकऱ्याला वाचन शिकवण्याआधी त्या कागदाच्या लेखकाला लिहायला शिकवायला हवं. शासनाचा प्रत्येक निर्णय ज्याच्यासाठी आहे, त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवावा, त्याला तो स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावावा, आणि सांगता आला नाही तर कागद बदलावा. माझ्या वर्गातली रीत मंत्रालयात चालायला हरकत नसावी.

हे सगळं होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे, आणि तो गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. त्या घोषणेमागचा अभ्यास फार कमी जणांना माहीत असतो. गावात अभ्यास गट चालतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी तो रुजवला. एखादा विषय आला की लोक बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायदा समजून घेतात, उलटसुलट प्रश्न विचारतात. अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं असतं, त्यामुळे हार-जितीचा प्रश्न येत नाही. निर्णय नंतर ग्रामसभेत, आणि तोही मतदानानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचा विरोध असला तरी त्याचं म्हणणं ऐकून विषय पुढे ढकलायचा. ऐकण्याची इतकी कडक शिस्त आपल्या विधिमंडळातही नाही.

या शिस्तीचं फळ ठोस आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी गावानं तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखातं देईना. अडचण बांबू म्हणजे काय, इथे होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या व्याख्येत बांबू धरलेला, आणि म्हणून तो खात्याच्या ताब्यातला. पण २००६ च्या कायद्यात गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या वस्तूंची, जी व्याख्या आहे, तिच्यात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क त्याच कायद्यानं गावाला दिलेला. गाव त्या व्याख्येवर अडून राहिलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. १९२७ च्या कायद्यातल्या ‘झाडा’तून बांबू वगळला गेला तो २०१७ साली. मोठमोठे अधिकारी जुन्या व्याख्येवर अडून बसले होते, नवी व्याख्या गोंड शेतकऱ्यांनी त्यांच्यापेक्षा बारकाईनं वाचली होती.

मेंढ्याबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात, ते गाव वेगळं आहे. मला ते पटत नाही. वेगळेपण त्यांनी कमावलं आहे आणि त्यासाठी त्यांनी जे केलं त्यात इतरांना जमणार नाही असं काही नाही. आपल्याकडे प्रत्येक गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. विषयपत्रिकेतला पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. हे वाचन एकदा लक्ष देऊन ऐकावं. ग्रामसेवक एका सुरात, श्वास न घेता वाचत जातो, लोक आपसांत बोलत असतात, कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं, रजिस्टर सह्यांसाठी फिरू लागतं. त्याच कागदात कुठल्या गल्लीचा रस्ता, कुणाचं घरकुल, किती खर्च हे सगळं लिहिलेलं असतं. आपण काय ठरवलं होतं आणि लिहिलं काय गेलं, हे ताडून पाहण्याची गावाला मिळालेली ही कायदेशीर संधी असते, आणि बडबडीत निघून जाते. पुढे वर्षभर लोक माहिती अधिकाराचे अर्ज करत फिरतात, तीच माहिती मिळवायला.

इथे मला सार्वजनिक ग्रंथालयांकडून आशा आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. त्यातली बरीचशी ‘ड’ वर्गातली, एका खोलीची. अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालाचं मानधन सांगायला लाज वाटावी असं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढले जातात, फोटो वरिष्ठांच्या ग्रुपवर जातात. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव उभं राहिलं, त्याचा मला आनंदच आहे. पण वाचन म्हणजे कथा-कादंबऱ्यांची गोडी एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. गावातल्या माणसाला मोबाइलवर आलेला मेसेज दाखवून ‘हे खरं का हो?’ असं विचारायला एक जागा लागते, आणि विचारलं म्हणून त्याला कुणी हसू नये, हेही लागतं. ती जागा पोलीस ठाणं असू शकत नाही, तहसील कचेरी तर नाहीच. ती एक खोली असू शकते, जिथे दोन वर्तमानपत्रं, एक संगणक आणि शोधून बघू म्हणणारा ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाला त्यासाठी प्रशिक्षण द्यावं लागेल आणि जगता येईल एवढा पगार द्यावा लागेल. प्रशिक्षणाची घोषणा करून पगाराचं नाव न काढणं ही आपली जुनी खोड इथे चालणार नाही.

सुरुवातीला निधीचीही वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभेच्या आठ दिवस आधी मागच्या इतिवृत्ताची एक प्रत ग्रंथालयाच्या दारावर लावता येते. शाळेतल्या नववीच्या मुलांनी ती संध्याकाळी जमलेल्यांना सावकाश, थांबत थांबत वाचून दाखवावी. ऐकणाऱ्यांनी ‘हे असं ठरलं नव्हतं’ असं जिथे वाटेल तिथे खूण करावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो खुणा केलेला कागद ग्रामसेवकासमोर ठेवावा, आणि प्रत्येक खुणेचं उत्तर मिळेपर्यंत रजिस्टरवर सही करू नये.